तुळशीची वाट : जंगलाने तलाव राखला की तलावाने जंगल?

ट्रॉम्बे, चेंबूर, मानखुर्द या भागांतील शाळांना जंगल दाखवायचे म्हटले, तर प्रश्न पडतो. ट्रॉम्बेची हिरवी टेकडी डोळ्यांसमोर असते, पण ती अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणात आहे. मग सहल निघते ती बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता सोपा आहे. साग, ऐन, करंज, बांबू अशी ओळख करून घेत सातवी-आठवीची मुले तो सहज चालतात. लेण्यांच्या माथ्यावर चढले की पलीकडे झाडीत वेढलेले पाणी दिसते. हा तुळशी तलाव. त्याच्या काठावर परवानगीशिवाय जाता येत नाही. पण माथ्यावरून तो पाहताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात हे जंगल उरले कसे?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या पाण्यात आहे.

कातळातले पाणी

या डोंगरावर पाणी साठवण्याचा इतिहास सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या दाराशी कातळात खोदलेले टाके आहे. प्राकृत शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाळ्यात उतारावरून धावणारे पाणी लहान चरांनी या टाक्यांत वळवलेले दिसते. पाऊस चार महिने आणि वस्ती बारा महिने, या अडचणीवर काढलेला हा तोडगा होय.

यांतील एका टाक्यावरचा लेख फार महत्त्वाचा आहे. सातेरक नावाच्या अमात्याने दान दिलेल्या टाक्याची त्यात नोंद आहे. लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असून, ती कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची कन्या असल्याचे म्हटले आहे. महाक्षत्रपाचे नाव तुटले आहे. उरलेल्या अक्षरावरून तो रुद्रदामन असावा, असे संशोधक मानतात. सातवाहन आणि क्षत्रप ही एकमेकांशी लढणारी घराणी. त्यांच्यातील सोयरिकीचा पुरावा आपल्याला मिळाला तो पाण्याच्या टाक्यावर!

शहराची तहान

आता एकोणिसाव्या शतकातील मुंबईकडे येऊ. शहर बेटावर वसलेले, चहूकडे खारे पाणी. पिण्यासाठी विहिरी आणि तलाव. गोवालिया तलाव, धोबी तलाव, कावसजी पटेल तलाव, खारा तलाव ही नावे आजही पत्त्यांत आढळतात. यांतले बरेच तलाव दानशूर नागरिकांनी बांधले किंवा दुरुस्त केले होते. परंतु पाऊस कमी झाला की ते आटत. १८४५ साली पाणीटंचाईमुळे लोकांनी सरकारकडे गाऱ्हाणे मांडले आणि चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. पुढे हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने साष्टीच्या डोंगरात मिठी नदीच्या उगमाशी धरण बांधण्याची योजना मांडली. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहारचे पाणी ३२ इंच व्यासाच्या लोखंडी नळातून मुंबईत आले. तलाव शहराहून उंचावर असल्याने ते केवळ उताराने वाहत आले. दिवसाला सुमारे ३२० लाख लिटर पाणी मिळू लागले.

तेही लवकरच अपुरे पडले. कापसाच्या तेजीत शहर फुगले. १८६४ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. म्हणून विहारच्या उत्तरेला, आणखी आत जंगलात, तासो नदी अडवून १८७९ साली तुळशी तलाव पुरा करण्यात आला.

विहार आणि तुळशी ही मुळात गावांची नावे. तलावासाठी जमीन ताब्यात घेतली गेली. गावे गेली आणि नावे तेवढी पाण्याला उरली. शहराच्या नळाचा इतिहास शिकवताना ही किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे.

रोगजंतू कळण्यापूर्वी

विहारचे पाणी आले तेव्हा रोगजंतूंची कल्पना रुजलेली नव्हती. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडला होता, पण बहुतेक वैद्य अजून दूषित हवेलाच दोष देत. रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू सापडले, ते १८८४ साली. तरीही पाणी जिथून वाहत येते ती जमीन स्वच्छ असावी, एवढे अनुभवाने ठाऊक होते. या जमिनीला आपण पाणलोट क्षेत्र म्हणतो. तिथे वस्ती, शेती आणि कारखाने नसले की झाडी आपोआप वाढते. तलावासाठी राखलेली ही जमीन पुढे राष्ट्रीय उद्यानाचा गाभा ठरली. बोरीवली राष्ट्रीय उद्यान १९६९ साली झाले. आज ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे.

शहरातील तलावांचे मात्र उलट झाले. घरोघरी नळ आले तशी त्यांची गरज संपली. १९११ साली डॉ. बेंटली यांच्या अहवालाने मुंबईच्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात असे दाखवले, आणि कितीतरी विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. तलाव तर आधीपासूनच बुजत होते. ज्या पाण्याची गरज उरली नाही ते शहराने बुजवले, ज्याची गरज होती त्याच्याभोवती जंगल राखले.

आज तलावाचे काय काम?

इथे एक गणित फळ्यावर मांडावे. तुळशीची क्षमता ८०४.६ कोटी लिटर आणि विहारची २,७६९.८ कोटी लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १,४४,७३६.३ कोटी लिटर. म्हणजे या दोघांचा वाटा अडीच टक्क्यांहूनही कमी. शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी लागते. भरलेला तुळशी तलाव एकट्याने ते जेमतेम दोन दिवस पुरवील! आपले बहुतेक पाणी आता ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून येते.

मग नळाच्या हिशेबात हे जंगल निरुपयोगी ठरले काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने कुर्ल्यापर्यंतच नव्हे, पुढेही हाहाकार उडवला. विहार भरून वाहिला की ते पाणी मिठीतच येते. उगमाकडचा उतार झाडीखाली असेल तर माती पाऊस जिरवते आणि पाणी सावकाश सोडते. तिथे सिमेंट असते तर तेवढाच पाऊस आणखी वेगाने खाली आला असता. एकशे साठ वर्षांपूर्वी पाण्यासाठी राखलेली जमीन आज पुराच्या वेळीही उपयोगी पडते. हा फायदा राखणाऱ्यांच्या मनातही नव्हता.

वर्गासाठी

सहलीनंतर विद्यार्थ्यांकडून दोन गोष्टी करून घेता येतील. पहिली, पावसाचे गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तर वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या एक हेक्टर जंगलावर किती लिटर पडते? (उत्तर : अडीच कोटी.) आपल्या शाळेच्या गच्चीचेही असेच गणित करावे. दुसरी, आपल्या नळाचा माग. ट्रॉम्बेच्या नळाचे पाणी आधी तिथल्या उच्चस्तरीय जलाशयात चढवले जाते. त्यामागचे तत्त्व विहारच्या नळातलेच आहे. त्याच्याही मागे जात मुलांनी ते पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या गावाच्या जमिनीवर साठलेले, हे शोधून नकाशावर मांडावे. विहार आणि तुळशी या गावांची नावे निदान तलावांना तरी राहिली. आजच्या धरणांखाली गेलेल्या गावांची नावे त्या नकाशावर लिहिली जावीत.