प्रत आणि परत : संगणक पुन्हा उभा करण्याचा छोटा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी संगणकाच्या दुरुस्तीत कशाला पडावं. दुरुस्ती आम्हाला येत नाही, हे खरंच आहे. पण एखादी वस्तू नष्ट झाली आणि 'तीच' पुन्हा मिळाली असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय मिळालेलं असतं, हा आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न. नैयायिकांचा देवदत्त आठवा. काल पाहिलेला देवदत्त आज पुन्हा भेटतो आणि आपण म्हणतो, हा तोच. या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात. बिघडलेला संगणक पुन्हा सुरू झाल्यावर माणूस पडद्याकडे पाहून हेच ठरवत असतो, की हा तोच आहे का.

आपल्याकडे परभणीत संगणक बिघडला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'विंडोज उडाली', आणि तासाभराने, 'फॉरमॅट मारून दिला.' एकात पाखरू उडतं, दुसऱ्यात काहीतरी मारलं जातं. परत आणण्याचं क्रियापद दोन्हीत नाही. ही भाषा 2001 नंतरच्या काळातली. त्या वर्षी एमकेसीएलची स्थापना झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, आणि 'सेव्ह कर' हे शब्द जिंतूर, सेलू, गंगाखेडपर्यंत घरोघरी पोचले. 'रिस्टोर' हा शब्द मात्र दुकानातच राहिला. प्रत काढणं हे आपलं काम आणि परत आणणं हे दुकानदाराचं, अशी वाटणी होऊन गेली. आजचं आमचं सगळं म्हणणं या वाटणीविरुद्ध आहे.

गंमत अशी की परतीची सोय त्या काळात यंत्रात होती. 2000 सालच्या विंडोज 2000 मध्ये रिकव्हरी कन्सोल होता : काळा पडदा आणि टाईप करायच्या आज्ञा. त्याच वर्षीच्या विंडोज मी या आवृत्तीत सिस्टिम रिस्टोर आलं. एका ठरावीक क्षणाची खूण करून ठेवायची आणि पुढे बिघाड झाला की त्या खुणेपाशी परत जायचं. कल्पना चांगली. पण ती खूण फक्त यंत्रणेच्या फायलींची आणि नोंदींची. तुमची पत्रं, प्रबंध, फोटो त्यात नसत. शिवाय खुणा त्याच हार्ड डिस्कवर. डिस्कच गेली तर खुणाही गेल्या. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवण्यासारखा हा प्रकार.

पुढे एक्सपी प्रोफेशनलमध्ये सगळी यंत्रणा परत उभी करण्याची सोय आली. त्यासाठी तीन गोष्टी लागत : बॅकअप, विंडोजची मूळ सीडी आणि त्या बॅकअपबरोबर तयार केलेली एक फ्लॉपी. बॅकअप भला मोठा, पण तो कसा उलगडायचा याची माहिती त्या एवढ्याशा फ्लॉपीवर. फ्लॉपी हरवली की मोठी प्रत मुकी. आणि नेमक्या त्याच काळात नव्या संगणकांतून फ्लॉपीचा खण नाहीसा होत गेला. व्हिस्टाबरोबर 2007 मध्ये लोकांच्या हाती रिकव्हरीची वेगळी छोटी यंत्रणाच आली. मुख्य विंडोज मरून पडली तरी ही स्वतंत्रपणे सुरू होते. 2009 च्या विंडोज 7 पासून ती हार्ड डिस्कवर आपोआप बसू लागली. आजचा ट्रबलशूटचा निळा पडदा तिचाच वंशज. संगणक दोन-तीनदा सुरू होता होता पडला की तो आपणहून समोर येतो, आणि बहुतेक माणसं घाबरून बटण दाबून यंत्र बंद करतात.

आता मोठ्या घरची गोष्ट. 27 जून 2017. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला आणि मर्स्क या जहाजकंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. आपल्या महाराष्ट्रात त्याचा फटका बसला तो न्हावा-शेवाला. जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल मर्स्कच्याच समूहाकडे होतं. तिथली यंत्रणा थांबली, कामं हाताने करावी लागली, कंटेनरचे ट्रक खोळंबले.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते का? होते. बहुतेक सर्व्हरच्या तीन ते सात दिवस आधीच्या प्रती मिळाल्या. पण कंपनीत कोण कोण आहे, कोणाला कुठे शिरायची परवानगी आहे, ही वही ज्या यंत्रांवर असते, त्या डोमेन कंट्रोलरची वेगळी प्रत कुणी ठेवलीच नव्हती. अशी यंत्रं सुमारे दीडशे होती आणि ती एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेलं तर दुसऱ्यावरून घेऊ, असा हिशेब. सगळी एकाच वेळी जातील हे कुणाच्या मनात आलं नाही. ती वही नसेल तर बाकीच्या प्रती परत लावायच्या कशावर? शेवटी एक यंत्र शाबूत सापडलं, घानामध्ये. का वाचलं? हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेली होती आणि ते बंद पडलं होतं. परभणीकरांनी लाईट जाण्याचं एवढं कौतुक कधी ऐकलं नसेल. तिथून इंग्लंडला माहिती पाठवायला इंटरनेट पुरेना, म्हणून घानातल्या माणसाने डिस्क घेऊन निघावं असं ठरलं, तर त्याच्याकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. तो नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला, तिथे ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि मग ती लंडनला पोचली. दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये दावोसला सांगितलं.

म्हणजे सतत एकमेकांशी जुळणाऱ्या दीडशे प्रती ही एकच प्रत ठरली. आणि जी अपघाताने तुटून राहिली होती, तीच खरी दुसरी. फोनमधला फोटो पुसला की क्लाऊडमधलाही पुसला जातो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. तिथे हाच नियम चालतो.

हे सगळं परदेशी यंत्रांचं झालं. पण प्रत नष्ट होणं आणि मजकूर परत उभा करणं, याचा मराठीतला सर्वांत मोठा दाखला सातशे वर्षांचा आहे, तो म्हणजे लीळाचरित्र. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडून आठवणी गोळा करून ऋद्धिपुरात हा ग्रंथ सिद्ध केला. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथी नष्ट झाली असं महानुभाव परंपरा सांगते. मग परत काय आलं आणि कुठून आलं?

माणसांच्या स्मरणातून. हिराइसा या शिष्येला लीळा मुखोद्गत होत्या. तिच्या आठवणीवरून एक पाठ सिद्ध झाला. रामेश्वरबास, परशरामबास अशा इतरांच्या नावांनीही पाठ आहेत. ते जुळतात, आणि जुळत नाहीतही. लीळा मागेपुढे होतात, शब्द बदलतात. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत 1978 मध्ये साहित्य संस्कृती मंडळाने छापली, तिच्यामागे अशा अनेक पोथ्या ताडून पाहण्याचं काम आहे. देवदत्त परत आला, पण चार जणांनी चार देवदत्त आणले. आमच्या मते हा दोष नाही. पाठ वेगवेगळे राहिले म्हणूनच कुठे भर पडली, कुठे गळलं, हे आज तपासता येतं. सगळ्यांनी बसून एकच पाठ ठरवला असता आणि बाकीचे पाण्यात सोडले असते, तर ती तपासणीच संपली असती.

आणखी एक बारकावा. मूळ पोथी जाण्याआधीच केसोबासांनी लीळाचरित्रातली स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ तयार केला होता. वचनं छोटी, पाठ करायला सोपी. पण वचन कुणाला उद्देशून, कुठे, कोणत्या प्रसंगी, हे सुटलं की अर्थ डळमळतो. म्हणून प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' नावाचे ग्रंथ लिहावे लागले. संगणकात हाच फरक फाईलच्या बॅकअपमध्ये आणि सिस्टिम इमेजमध्ये आहे. तुमचा हिशेबाचा डेटा पेन ड्राईव्हवर आहे, पण तो उघडणारं जुनं सॉफ्टवेअर, त्यातल्या मांडण्या, तो टंक, हे नसेल तर हातात सूत्र आहे आणि प्रसंग नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले प्रबंध आज चौकोन आणि रोमन अक्षरं होऊन उघडतात, ते यामुळेच.

आणि किल्लीचा प्रश्न. महानुभावांनी पुढे आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येतं. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण किल्ली पंथाच्या आतच राहिली. आपल्या जिल्ह्यातल्या बोरीशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते भास्करभट्ट बोरीकर याच पंथाचे, तरी शेकडो वर्षं पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय बंद होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

तुमच्या नव्या लॅपटॉपला असंच कुलूप आहे, आणि अनेकांना ते ठाऊक नाही. विंडोज 11 च्या बऱ्याच यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप सांकेतिक होते. तिची 48 अंकी रिकव्हरी किल्ली त्या खात्यात जाते. दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःचा ई-मेल टाकून खातं उघडलं असेल, तर किल्ली त्याच्याकडे. 19 जुलै 2024 ला क्राऊडस्ट्राईकच्या चुकीच्या अपडेटने जगभरची सुमारे 85 लाख यंत्रं पडली, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. दुरुस्ती साधी होती, एक फाईल पुसायची. पण तिथपर्यंत पोचायला अनेक यंत्रांना ही किल्ली हवी होती, आणि ती शोधण्यात वेळ गेला.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. 16 जीबी किंवा मोठा, रिकामा पेन ड्राईव्ह घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. शोधपट्टीत रिकव्हरी ड्राईव्ह हे नाव टाईप करा आणि तो तयार करा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सिस्टिम इमेज काढा. ती सोय कंट्रोल पॅनेलमध्ये आजही 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज 7)' या नावाने आहे, नावाला हसू नका. इमेज निघाली की डिस्कची वायर काढून ठेवा. 2017 च्याच मे महिन्यातला वॉनाक्राय संगणकातल्या जुन्या खुणा पुसत असे. किल्लीचे अंक कागदावर लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

मग, यंत्र चांगलं असतानाच, त्या पेन ड्राईव्हवरून एकदा सुरू करून पाहा. किल्ली मागितली तर कागदावरून भरा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टिम इमेज रिकव्हरी इथपर्यंत जा आणि तुमच्या इमेजची तारीख पडद्यावर दिसते का ते बघा. दिसली की पुढे काही न दाबता रद्द करा. नाही दिसली, तर पुढच्या शनिवारी लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही घेऊन या. व्याख्यानानंतर अर्धा तास हॉल आपल्याच ताब्यात असतो.