पृथ्वी थिएटर
मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एक छोटे नाट्यगृह व कलाकेंद्र. विलेपार्ले व अंधेरी या रेल्वेस्थानकांच्या पश्चिमेस, जुहू येथील जानकी कुटीर वसाहतीत ते असून त्याचे उद्‌घाटन ५ नोव्हेंबर १९७८ रोजी झाले. नाट्यप्रयोगांखेरीज संगीत, काव्यवाचन, मुलांसाठी उन्हाळी कार्यशाळा आणि अनुबोधपटांची प्रदर्शने हे उपक्रमही त्याच्या आश्रयाने चालत आले.

हे नाव मूळचे एका फिरत्या नाटकमंडळीचे होय. पृथ्वीराज कपूर (१९०६–७२) यांनी ती १९४४ मध्ये काढली. शाकुंतल हे तिचे पहिले नाटक. पुढे दीवार, पठाण यांसारख्या नाटकांनी हिंदु-मुस्लिम ऐक्याचा पुरस्कार केला. देशभर अडीच हजारांहून अधिक प्रयोग करून १९६० मध्ये मंडळी बंद पडली. तिला स्वतःचे नाट्यगृह कधीच नव्हते. त्यासाठी पृथ्वीराजांनी १९६२ मध्ये जुहूची जागा भाडेपट्ट्याने घेतली. परंतु त्यांच्या हयातीत तेथे नाट्यगृह उभे राहिले नाही. ते काम त्यांचे धाकटे पुत्र शशी कपूर आणि स्नुषा जेनिफर केंडल यांनी केले. १९७५ मध्ये पृथ्वीराजांच्या स्मरणार्थ न्यास स्थापन झाला व वेद सेगन या वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केला. जेनिफर या शेक्सपिअरची नाटके गावोगाव करणाऱ्या इंग्रज नाटकमंडळीत वाढलेल्या होत्या. साध्या रंगमंचावर काय साधते हे त्यांना ठाऊक होते आणि वास्तूवर त्याची छाप उघड दिसते.

रंगमंच प्रेक्षागृहात पुढे आलेला असून बैठका त्याच्या तीन बाजूंनी चढत जातात. आसने सुमारे दोनशे. नटाला आवाज चढवावा लागत नाही व त्याची पापणीही शेवटच्या रांगेतून दिसते. असा रंगमंच पदरचे पैसे घालून नाटक करणाऱ्या हौशी संस्थांना परवडावा, हा मूळ हेतू होता. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक मराठी नाटकाला जे आश्रयस्थान दिले, त्याच जातीचे हे स्थान, फरक इतकाच, की ही वास्तू नाटकासाठीच बांधलेली होती. प्रारंभीच्या प्रयोगांत गो. पु. देशपांडे यांच्या उद्ध्वस्त धर्मशाळा या मराठी नाटकाचा हिंदी अवतार होता; त्यात नसीरुद्दीन शाह व ओम पुरी यांच्या भूमिका होत्या. पुढे मात्र मराठी नाटकाचा वाटा हिंदी-इंग्रजीच्या मानाने कमीच राहिला. पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह जवळच असणे हे त्याचे एक कारण असावे. नियोजित वेळेनंतर कोणासही आत न सोडण्याची येथील शिस्त प्रसिद्ध आहे. मुंबईच्या प्रेक्षकाला ती पचायला वेळ लागला. जेनिफर यांचे १९८४ मध्ये निधन झाले. त्यांच्या जन्मदिनी, २८ फेब्रुवारीस, झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांनी येथे वर्षानुवर्षे तबलावादन केले.

चित्रपट येथे उशिरा आला. १९१८ च्या कायद्याने चित्रपटगृहाला परवाना सक्तीचा केला, त्यामागे ज्वालाग्राही फितीच्या आगीचे भय होते. यंत्रकक्षाची उभारणी छोट्या संस्थेच्या आवाक्याबाहेरची असे. प्रभात चित्र मंडळासारख्या (१९६८) सोसायट्यांची प्रदर्शने मुख्यतः सभासदांपुरती होती. व्हिडिओ व अंकीय प्रक्षेपक आल्यावर साधी खोलीही पुरू लागली. नाट्यगृहातील तीन बाजूंच्या बैठका पडद्याला गैरसोयीच्या. म्हणून प्रदर्शने समोरच्या पृथ्वी हाउसमधील लहान दालनात होत.

त्यांची प्रेरणा मात्र तांत्रिक नव्हती. आनंद पटवर्धन यांच्या जंग और अमन (२००२) या अनुबोधपटात परीक्षण मंडळाने सुचविलेल्या काटछाटी मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये अमान्य केल्या. त्याच वर्षी, २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय अनुबोधपटांना परीक्षण प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले. परदेशी चित्रपटांना ही अट नव्हती. निर्मात्यांच्या विरोधामुळे अट मागे घेतली गेली, तथापि निवडीत अनेक चित्रपट वगळले गेले. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा फायनल सोल्यूशन हा त्यांपैकी एक. तेव्हा निर्मात्यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरविला. ‘विकल्प’चीच मासिक प्रदर्शने पुढे पृथ्वीमध्ये होऊ लागली. चार दिवसांचा महोत्सव गाजतो व विरतो. महिन्याचा ठरलेला दिवस प्रेक्षक घडवितो, हे येथे दिसले.

महाराष्ट्रात नाट्यसंहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची पूर्वसंमती लागते, तर चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनास केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र. एकाच गल्लीतील रंगमंच व पडदा असे दोन निरनिराळ्या शासनांच्या नजरेखाली येतात. प्रदर्शनांना प्रवेशमूल्य नसे. चित्रपट संपल्यावर दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलण्यास थांबत.