बाडीचं बी

गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या जंगलात माडिया आदिवासींची पेंडा शेती फिरती होती. डोंगरउतारावर झाडी तोडायची, जाळायची, पेरायची आणि काही वर्षांनी जागा बदलायची. अभ्यासक पेंड्याबद्दल भरभरून बोलतात. मला मात्र घरामागची बाडी तेवढीच मोलाची वाटते, कारण ती बायका-पोरांच्या हातची. बांबूचं कुंपण, आत मका, मोहरी, वाल, भोपळा.

भोपळ्यांतला एक वेलावरच वाळू द्यायचा. त्याचा तुंबा होतो, पाण्याला, आंबिलीला. आतलं बी राखेत घोळून चुलीवर टांगायचं, म्हणजे धुरानं कीड लागत नाही. माझ्या सासूबाईंनी मला हेच शिकवलं.

उन्हाळ्यात बीज पंडुम हा बियांचा सण येतो. घरोघरचं बी गावदेवापुढे ठेवतात, पुजारी पूजा करतो, मगच पेरणी. तेव्हा आभाळात ढगाचा ठिपकाही नसतो. तरी पोरं आधीच अंगणात काडीनं रेघा ओढतात: इथं वाल, तिथं दोडका, मांडव कुंपणाकडे. मी त्यांना अडवत नाही. देवापुढं ठेवलेलं बी उगवेल असं धरूनच जागा आखायची असते. थोरलीनं यंदा मोहरीसाठी कोपरा मागितलाय. तिथं शेळ्या शिरतात, म्हणून आधी कुंपण बांधायचंय.