सुगडावरची बोटे

शहरांतील दुकानांतून हल्ली चिनी मातीच्या ज्या फुलदाण्या, तबकड्या आणि भिंतीवर लावावयाच्या फरशा विकावयास असतात, त्यांच्यावर वारली नाच, गोपद्मे, मोर, सूर्यचंद्र अशी आपल्या ओळखीची चिन्हे काढलेली असतात. आपल्यापैकी काहींच्या घरी त्या असतीलही. त्या पाहून जुनी माणसे म्हणतात की, मडके पाण्यासाठी असते, शोभेसाठी नव्हे. शोभेची माती हे साहेबाचे खूळ. हे म्हणणे आम्हांला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातच आहे.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते भाजलेले हे सांगणाऱ्या गोरोबांची कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. परंतु गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे, सातवाहनांच्या काळी, हेच गाव 'तगर' या नावाने ग्रीक दर्यावर्दींच्या ग्रंथात नोंदले गेले होते. तेथील कारागीर पांढऱ्या चिकणमातीच्या नाजूक मूर्ती करीत. पुढचा भाग एका साच्यात, पाठीचा दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडून आत पोकळ ठेवलेली मूर्ती, अशी ती रीत. ही दुहेरी साच्याची युक्ती रोमन व्यापाराबरोबर आली असे बहुतेक अभ्यासक मानतात. युक्ती परकी, पण मूर्तींचे केशभूषण, कर्णभूषणे, मेखला सारे इथले. तेर आणि भोकरदन येथे लज्जागौरीच्या मूर्तीही सापडल्या. मस्तकाच्या जागी कमळ असलेली ही देवी म्हणजे भरला घटच होय. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात (1978) तिचा माग काढला आहे. तेव्हा परक्या तंत्रावर घरचे चिन्ह बसविण्याचा उद्योग आपल्याकडे दोन हजार वर्षे जुना आहे.

दुसरा प्रसंग मुंबईचा, आणि तोही मराठवाड्याशी बांधलेला. जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 साली निघाली. तेथील जॉर्ज टेरी या शिक्षकाने 1870 नंतरच्या दशकात कुंभारकामाची शाखा काढली व चकाकीचे काम जाणणारे सिंधी कारागीर आणविले. त्याच सुमारास, 1872 पासून, जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या नकला करीत होता; पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले प्रमुख. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. लेण्यांतील ती कमळे आणि त्या आकृती मुंबईच्या घड्यांवर चढल्या आणि घडे विलायतेस गेले. पुढे 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत कापडावरच्या पुष्कळ नकला भस्म झाल्या. भट्टीतून एकदा निघालेले घडे मात्र आजही भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहावयास मिळतात. अजिंठ्याची रेघ अशी जगभर फिरली. अजिंठ्याभोवतालच्या कुंभाराच्या चाकाला मात्र तिचा कधी वारा लागला नाही.

आजच्या वस्तूंविषयी आमची शंका येथूनच सुरू होते. आपल्याकडे लोकचिन्ह काढतो कोण? संक्रांतीचे सुगड कुंभार कोरे आणून देतो. त्यावर हळदीकुंकवाची बोटे ओढते ती घरची बाई. चैत्रांगण तीच काढते, आणि ते पुसते तेव्हा पुन्हा तीच काढते. वारल्यांचेही तसेच. लग्नाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात त्या सवासिणी, आणि त्या चौकात बसते ती पालघट देवी, पुन्हा घटच! जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे ठेवली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले. तरी चिनी मातीच्या पेल्यावर बहुधा येतो तो तारप्याभोवतीचा नाच. चौक मागेच राहतो, आणि नाचही पुष्कळदा छापील कागदावरून उतरविलेला असतो. काढणारा हातच नाही, तर ते चिन्ह कोणाचे म्हणावे?

कुंभाराच्या पोटाचाही प्रश्न यात आहे. त्याचे मडके उघड्या आव्यात भाजते. त्याला सच्छिद्रपण असते, म्हणून तर माठातले पाणी गार होते. चकाकीच्या पक्क्या भांड्याला बाराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. आपली काळी माती वाळतानाच तडकते; गाळाची माती, राख, लीद घालून तिला कशीबशी वळणावर आणावी लागते, आणि एवढ्या आचेत तर ती वितळून बसेल. पांढरी माती बाहेरून आणावयाची, बंद भट्टी बांधावयाची, इंधन घ्यावयाचे. हे भांडवल गावच्या कुंभारापाशी कोठून असणार? चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने कुंभारांना नवे तंत्र शिकविण्याचा उद्योग मांडला. मराठवाड्यात तसे काही व्हावे असे आम्हांला फार वाटते. लहानशी सामायिक भट्टी असली तरी पुरे. वर चिन्ह काढावयास गावात बाया आहेतच, त्यांना नमुन्याचे पुस्तक लागत नाही. सुगड दरसाल नवे लागते, म्हणून दरसाल कुंभाराची आठवण होते. फुलदाणी फुटेपर्यंत टिकते. तेव्हा निदान तिच्या तळाशी करणाऱ्याचे आणि काढणारीचे अशी दोन नावे असावीत, एवढी आमची मागणी. ती दुकानदाराला अवघड जाऊ नये.

तेरला दर्शनास जाणाऱ्यांनी परतताना तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात अवश्य डोकवावे. एका व्यापाऱ्याने पदरमोड करून जमविलेला तो संग्रह आहे. तेथील मूर्ती समोरून सगळेच पाहतात; आमची विनंती अशी की, त्या बाजूने पाहाव्यात, म्हणजे दोन साचे जेथे जुळले तो सांधा दिसेल.