पाच भागाकारांच्या अंतरावर

मंडळी, आज आपल्याला एकाच संख्येपाशी थांबायचं आहे: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात, अधिक १.

तुलूजच्या न्यायालयात काम करणाऱ्या फर्मानं १६४० मध्ये पत्रातून एक अंदाज कळवला. २ पासून सुरुवात करा आणि दर वेळी मागच्या संख्येचा वर्ग करत जा: २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकीत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढच्याही साऱ्या मूळच असणार, असं त्यानं धरलं. सिद्धता आपल्याजवळ नाही हे त्यानं सांगितलं, पण अंदाज काही सोडला नाही. सहावी संख्या हीच, आपली.

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखनं ऑयलरला पत्रात विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे का? ऑयलरनं आधी फारसं मनावर घेतलं नाही. १७३२ मध्ये मात्र त्यानं दाखवलं, की हिला ६४१ नं पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७. हे ६४१ सापडलं कसं, ते तेव्हा सांगितलंच नाही! त्यामागचं कारण पुढे काही वर्षांनी आलं.

ते जरा सावकाश बघू. समजा ‘प’ या मूळ संख्येनं हिला भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला प नं भागल्यावर बाकी ‘उणे १’ धरता येते. वर्ग केला की उणे गेलं. ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधी कुठल्याच घाताची बाकी १ येत नाही. दुसरीकडे, २ च्या (प − १) व्या घाताची बाकीही १ च येते. तेव्हा प − १ ला ६४ नं भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीनं घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम झालं.

आता चुटपुट लावणारी गोष्ट. ‘दुसरीकडे’ म्हणून आपण जे वापरलं, ते प्रमेय फर्माचंच, आणि १६४० चंच! त्याच वर्षी तसल्याच युक्तीनं त्यानं २ चा ३७ वा घात उणे १, या आपल्या संख्येहून कितीतरी मोठ्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता. हत्यार हातात होतं, धार लावलेलं होतं. आम्हाला वाटतं, त्या मांडणीच्या देखणेपणानंच त्याला भुलवलं. पाच उदाहरणं जुळली की सहाव्याची चौकशी करायला मन घेत नाही. गंमत म्हणजे या माळेतली सहावी मूळ संख्या आजतागायत कुणाला सापडलेली नाही.

राहिलं ६७,००,४१७. तीही मूळ संख्याच आहे. तिचं वर्गमूळ २,५८८ च्या जरा पुढे. वरच्या नियमानं ६४१ पासून तिथपर्यंत सातच मूळ संख्या तपासायच्या उरतात: ६४१, ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३. घरी जाऊन करून बघा, कॅल्क्युलेटर न घेता.