तोंडावाटे गेलेली साखर

आमच्या जुन्या घराण्यांतून मधुमेहाची वार्ता नवी नाही. नवी आहेत ती आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने. त्यांना 'कालपरवाचा शोध' म्हटले जाते, ते मात्र आम्हांस मान्य नाही.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी आतड्यातून रक्तात उतरणारे 'सिक्रेटिन' शोधले. तो धागा धरून १९०६ मध्ये लिव्हरपूलच्या मूर यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेही रुग्णांना पाजून पाहिला. इन्सुलिन हाती येण्यास तेव्हा पंधरा वर्षे अवकाश होता. १९३२ मध्ये बेल्जियमच्या ला बार यांनी त्या अज्ञात द्रव्यास 'इन्क्रेटिन' म्हटले. बारसे झाले, पण मूल दृष्टीस पडेना!

शिकागोचे आयव्ही हे पचनशास्त्रातील मोठे नाव. त्यांच्या गटाने कुत्र्यांवर प्रयोग करून १९४० मध्ये असे द्रव्य असणेच शंकास्पद ठरविले. अधिकारी पुरुषाचा शब्द पडला आणि जवळपास पाव शतक या वाटेस फारसे कोणी गेले नाही. दोष माणसांचा म्हणावा की साधनांचा? आमचा कल दुसऱ्या बाजूस आहे, कारण रक्तातील इन्सुलिन अचूक मोजण्याची सोयच तेव्हा नव्हती. ती रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथे, माजी सैनिकांच्या रुग्णालयात सिद्ध केली. १९६४ मध्ये लगेच दिसून आले की, शिरेतून दिलेल्या साखरेपेक्षा तोंडावाटे दिलेल्या साखरेने इन्सुलिन कितीतरी अधिक स्रवते. आतडे स्वादुपिंडास आगाऊ वर्दी देत होते.

वर्दी देणाऱ्या द्रव्यांपैकी 'जीएलपी-१' चे कार्य १९८७ च्या सुमारास बोस्टन व कोपनहेगन येथे उलगडले. बोस्टनच्या स्वेतलाना मोयसोव्ह यांना पेटंटांत आपले नाव यावे म्हणून झगडावे लागले. लास्कर पुरस्कार मिळाला तो २०२४ मध्ये.

पण हे द्रव्य रक्तात काही मिनिटांतच नष्ट होई. तसेच काम करणारे, पण टिकाऊ द्रव्य मिळाले 'गिला मॉन्स्टर' या विषारी सरड्याच्या विषात. १९९२ मध्ये, जॉन एंग यांना, ब्रॉन्क्सच्या त्याच रुग्णालयात. त्यावरून घडविलेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, मूर यांच्या अर्कानंतर ९९ वर्षांनी.

पुढे मानवी द्रव्यातच फेरफार करून आठवडाभर टिकणारे सेमाग्लूटाइड आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ स्थूल वा अतिवजनी व्यक्ती होत्या. मधुमेही कोणीच नव्हते. औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के घटले. त्यांपैकी काहींवर औषध थांबविल्यानंतरही लक्ष ठेवले गेले. वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले होते.