शेजारघरचा फराळ

मुंबईची हद्द दहिसरच्या नाक्यापाशीं संपते आणि नाका ओलांडला कीं मीरा-भाईंदरची वस्ती लागते. तेथील पेणकरपाडा या नांवांतच एक जुनी खूण आहे. पाडा म्हणजे शेताच्या किंवा आगराच्या कडेला वसलेली लहानशी वाडी. आज तेथें वाडीचें रूप उरलेलें नाहीं. इमारतींची दाटी झालेली आहे. परंतु आश्विनाचा वद्य पक्ष लागला, कीं या इमारतींच्या जिन्यांतून जो वास दरवळतो तो मात्र जुनाच असतो : तापलेल्या तेलाचा, खमंग भाजलेल्या डाळींचा, फोडणींतल्या कढीलिंबाचा. दिवाळी उजाडली म्हणजे वरून रुमाल झाकलेलीं ताटें एका दारांतून निघून दुसऱ्या दारीं जाऊं लागतात. चकली, शेव, चिवडा, कडबोळीं, शंकरपाळे आणि कोपऱ्यांत एखादा लाडू.

हें ताट इतकें परिचयाचें आहे कीं त्याला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः त्यांतील एकेक जिन्नस निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या वाटांनीं आलेला आहे. आणि तें ताट कोणाच्या दारीं जावें, त्याहूनही कोणाच्या दारचें ताट आपल्या घरांत यावें, हा प्रश्न महाराष्ट्रांत कधींच साधा नव्हता.

प्रथम मिठाचें पाहूं. भाईंदरच्या खाडीकाठीं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरें होतीं. उधाणाच्या भरतीचें पाणी बांध घालून आंत घ्यावयाचें, एका वाफ्यांतून दुसऱ्यांत फिरवीत उन्हानें आटवावयाचें आणि पावसाळ्यापूर्वीं पांढरे ढीग रचून मोकळें व्हावयाचें, या कामांत आगरी समाजाच्या कित्येक पिढ्यांची हयात गेली. खाऱ्या पाण्यांत पाय ठेवून दिवसभर राबणाऱ्या त्या माणसांच्या घरीं तळणीचे पदार्थ वर्षांतून किती वेळां होत असतील, याचा विचार चकली मोडतांना फारसा कोणी करीत नाहीं. या साध्या जिनसेवरही सरकारी कर होता. १९३० सालीं शिरोडा आणि वडाळा येथें लोकांनीं त्यासाठीं लाठ्या खाल्ल्या. कर उठला तो १९४७ मध्यें.

मिरची मात्र परकी. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकांत आली. १५३४ मध्यें वसईचा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पानें वसई जिंकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशें वर्षें, हा किनारा त्यांच्या अमलाखालीं होता. भाईंदर ज्या साष्टी बेटावर आहे तेथील ख्रिस्ती गांवें त्याच काळाची साक्ष देतात. मिरचीप्रमाणेंच बटाटा आणि भुईमूगही मूळचे अमेरिकेचे. बटाट्यानें तर आपलें पोर्तुगीज नांवही टाकलें नाहीं. ज्या कंदापासून आज साबुदाणा होतो तोही तिकडचाच. एकादशीला दाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी श्रद्धेनें खाणाऱ्या मंडळींनीं हें मनावर घेतलें नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें.

याचा अर्थ त्यापूर्वीं चमचमीत खाणें नव्हतें असा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. त्यांत राजाच्या भोजनाचें सविस्तर वर्णन आहे. डाळी भिजवून वाटून केलेले वडे त्यांत आहेत, आणि पिठांत हिंग-मीठ घालून तेलांत तळलेले पदार्थही आहेत. तिखटपणा मिऱ्यांचा. अर्थात् डाळीचें पीठ, हिंग, मीठ आणि कढत तेल ही जोडी आठ-नऊशें वर्षांची आहे. लाल रंग तेवढा मागाहून चढला.

आतां फराळ या शब्दाकडे वळूं. मूळ शब्द फलाहार. उपवासाच्या दिवशीं जेवण वर्ज्य, म्हणून फळें-कंदमुळें खावयाचीं. पुढें अर्थ सैल होत गेला आणि जें जेवण नव्हे तें फराळ झालें. ‘जेवण नव्हे’ हीच त्यांतील कळीची गोष्ट आहे. जुन्या घरांत शिजविलेल्या अन्नाचे दोन वर्ग मानीत. पाण्यांत शिजलेला भात, वरण, भाकरी हें खरकटें. त्याचें सोवळें-ओवळें कडक, आणि तें आपल्या जातीच्या हातचेंच हवें. तुपातेलांत तळलेलें, कोरडें भाजलेलें, पाण्याऐवजीं दुधांत भिजविलेलें अन्न या नियमांतून बरेंचसें सुटे. उत्तर हिंदुस्थानांत यालाच कच्ची आणि पक्की रसोई म्हणत. प्रवासाच्या शिदोरीला पोळीऐवजीं दुधांत मळलेल्या कणकेच्या दशम्या देत, त्याचें कारण त्या मऊ राहतात एवढेंच नसे. शेजारीं भात जात नसे, चकली जाई, याचें मूळही येथेंच आहे. जें ताट आज प्रेमाचें प्रतीक म्हणून मिरवतें, त्यांतील पदार्थांची निवड जातिनियमांच्या फटींतून झालेली आहे.

त्या फटीलाही कुंपण होतेंच. अस्पृश्य मानलेल्या जातींना सणाचें अन्न दिलें जाई, तें बहुधा उरलेंसुरलें, आणि हात लागूं न देतां वरून टाकलेलें. त्यांच्या घरचें ताट घेण्याची मात्र कल्पनाही कोणी करीत नसे. ज्या ताटाला परतीची वाट नाहीं त्यास दान म्हणावें. त्याला शेजार म्हणतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत जे सुधारक निपजले त्यांना हें मर्म नेमकें उमगलें होतें. १८४९ मध्यें मुंबईंत दादोबा पांडुरंग प्रभृतींनीं परमहंस सभा स्थापिली. तिच्या सभासदास ख्रिस्त्यानें भाजलेला पाव खावा लागे. ही गोष्ट पुस्तकी वादापेक्षां कठीण होती, आणि म्हणूनच सभेचें सारें काम गुप्तपणें चाले. सभासदांचीं नांवें उघडकीस येतांच ती मोडली. पुढें ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कोणी चहा प्याले, कोणी नुसता पेला हातीं घेतला. गोपाळराव जोशी यांनीं हा प्रसंग जुळवून आणिला होता. त्यांनीं नांवें छापून आणण्याची तजवीज केली आणि शहर पेटलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, प्रायश्चित्तें झालीं. एका चहाच्या पेल्यानें एवढें वादळ व्हावें याचें आज हसूं येतें. परंतु हसण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या दिवशीं कोणी कोणाला कांहीं दिलें म्हणून ओरड झाली नाहीं; परक्याच्या हातचें घेतलें म्हणून झाली.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं हीच गांठ दुसऱ्या टोकानें सोडविली. अस्पृश्य गणलेल्या समाजांतील गंगाराम कांबळे यांस त्यांनीं चहाचें दुकान काढण्यास साहाय्य केलें, आणि तेवढ्यावर न थांबतां स्वतः तेथें गाडी उभी करून ते चहा पीत व बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजानें अन्नछत्र घालणें यांत नवल नव्हतें. राजानें तेथला पेला ओंठीं लावणें हें नवल होतें. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं ओंजळ भरली तेव्हां तर प्रश्न पदार्थांचा उरलाच नाहीं, साध्या पाण्याचा झाला.

पुरुषांचे हे वाद सभांतून व वर्तमानपत्रांतून चालले असतां चुलीपाशीं निराळेंच एक शास्त्र वाढत होतें. चकलीच्या भाजणीचें साधारण प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, त्यांत धने-जिरें. कोणी मूगडाळ घालितात, कोणी पोहे. धान्य धुवून, सावलींत वाळवून, मंद आंचेवर निरनिराळें भाजावयाचें. दळून आणल्यावर तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि कडकडीत तेलाचें मोहन. येथेंच सारी परीक्षा असते. मोहन अधिक झालें तर चकली तेलांत विरते. कमी झालें तर दांतांस दाद देत नाहीं. तेल पुरेसें तापलेलें नसेल तर ती तेल पिते आणि दुसऱ्या दिवशीं मऊ पडते. फार तापलें तर वरून करपते आणि आंत ओल राहते. तळतांना बुडबुडे शमले म्हणजे आंतलें पाणी उडून गेलें असें समजावें. पाणी गेलें कीं पदार्थ टिकतो, आणि टिकतो म्हणूनच तो दूर जाऊं शकतो. शास्त्रकारांनीं तळलेल्या पदार्थाला सवलत दिली तिच्या मुळाशीं हाच अनुभव असण्याचा संभव आहे.

हें काम एकटीचें नव्हे. गिरगांव-परळच्या चाळींतून आज एकीच्या घरीं, उद्यां दुसरीच्या, असा क्रम लागे. पितळी सोऱ्या बिऱ्हाडोबिऱ्हाडीं फिरे. एकीनें पीठ मळावें, दुसरीनें चकल्या पाडाव्या, तिसरीनें झारा घेऊन बसावें. या बैठकींतून पाककृतींची जी देवघेव झाली तिची दखल छापील पुस्तकांनीं उशिरां घेतली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० चें; कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तोंवर वाटीचें प्रमाण तोंडींच चालत होतें. युद्धकाळांत १९४३ मध्यें मुंबईंत शिधापत्रिका आली, धान्य-साखर मोजून मिळूं लागली, आणि ताटांतील लाडवांवर टांच आली.

मग फाळणी आली. कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच होती. मराठी कुटुंबें नोकरी-व्यवसायासाठीं तेथें राहत असत. १९४७ नंतर तीं परतलीं, आणि त्यांच्या पाठोपाठ सिंधी हिंदूंच्या बोटी मुंबईच्या धक्क्यास लागल्या. कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या छावणींत त्यांना जागा मिळाली. १९४९ मध्यें तिचें उल्हासनगर झालें. सर्वस्व गमावून आलेल्या त्या बायकांनीं काय केलें? पापड लाटले. सिंधी घरीं पाहुण्यास पाण्याबरोबर पापड देण्याची रीत आहे. तीच रीत उपजीविका झाली आणि मिऱ्यांचा सिंधी पापड मराठी घरांत आला. याच्या उलट वाटेनें मुंबई-काठेवाडांतून मुसलमान कुटुंबें कराचीस गेलीं आणि आपला चिवडा बरोबर घेऊन गेलीं. तिकडे तो ‘चेवडा’ झाला. शेव, डाळ, शेंगदाणे यांच्या मिश्रणास तेथें ‘निमको’ म्हणतात. रमझानांत कराचीच्या गल्ल्यांतून सूर्यास्ताच्या आधीं भजीं, समोसे, दहीवडे यांचीं झाकलेलीं ताटें शेजारीं जातात. सीमेवर कांहींही चाललें असो, ताट रिकामें परत करूं नये हा दंडक दोन्हींकडे एकच आहे.

मीरा-भाईंदरची आजची वस्ती अशाच स्थलांतरांची आहे. १९८५ मध्यें येथें नगरपालिका झाली आणि २००२ मध्यें महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या आठ लाखांच्या घरांत होती. मुंबईंत जागा न परवडलेले मराठी चाकरमाने, गुजराती व मारवाडी जैन, उत्तर हिंदुस्थानी, आणि १९९२-९३ च्या दंग्यांनंतर आसरा शोधीत आलेलीं अनेक मुसलमान कुटुंबें, हीं सारीं जुन्या आगरी, कोळी व ख्रिस्ती गांवांच्या भोंवतीं वसलीं. जानेवारी २०२४ मध्यें मीरा रोडला दोन समाजांत तंटा होऊन दुकानें फुटलीं. मुंबई आणि तिचीं उपनगरें यांत कोण काय शिजवितो हें पाहून जागा नाकारण्याची चालही सर्वांस ठाऊक आहे. खरकट्याचा जुना नियम नव्या पोशाखांत परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणि गंमत अशी, कीं उपायही जुनाच कामीं येतो. मजल्यावर चार घरें चार धर्मांचीं असलीं तर आमटी फिरत नाहीं, चिवडा फिरतो. जैन शेजाऱ्यासाठीं लसूण वगळावयाचा, बटाट्याचा कीस घालावयाचा नाहीं. बाकी पोहे, डाळें, खोबऱ्याचे काप, हिरवी मिरची यांस कोणाची ना नसते. तयार फराळाचे पुडे दुकानांत मिळूं लागल्यापासून पुष्कळ घरांतला सोऱ्या माळ्यावर गेला. परंतु विकतचा पुडा शेजारीं पाठवितांना अजूनही गृहिणी त्यांत निदान एक घरची वस्तु घालते, कारण पुडा पोंचविणें आणि ताट पाठविणें यांतील फरक तिला कळतो.

देणें मात्र सोपेंच आहे. तें पूर्वींही सोपें होतें. दिवाळीचें ताट ज्या घरीं गेलें त्या घरून ईदेला शीरखुर्म्याची वाटी येते, तेव्हां खरा प्रसंग पडतो. शीरखुर्मा कोरडा नाहीं, तळलेला नाहीं; शास्त्रकारांची कोणतीही सवलत त्याला लागू करतां येत नाहीं असें म्हातारी मंडळी म्हणतील, जरी तो दुधांतला असल्यामुळें वाद घालण्यास जागा आहे. कांहीं घरांत वाटी हंसतमुखानें घेतली जाते आणि दार लागल्यावर मोलकरणीस दिली जाते. कांहीं घरांत मुलें ती दारांतच संपवितात. दोन्हीं घरें एकाच जिन्यावर असतात. वाटी मात्र धुवून परत जाते ती भरूनच. घरांत दुसरें कांहीं नसेल तर चिमूटभर साखर तरी तींत घालितात. मीठ कोणी घालीत नाहीं. तें दिल्यानें भांडण होतें, अशी जुन्या बायकांची समजूत आहे.